टँक गळत होता : शोधण्यापासून परत पाणी भरेपर्यंत

घरातल्या फिश टँकमधून पाणी जातंय हे कळलं की पहिल्यांदा पोटात गोळा येतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, सिलिकॉन लाव की वरून. मी २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हे सगळं पार केलं आणि आता टँक परत जागेवर आहे, मासे आत आहेत, म्हणून जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवतेय. मराठीत शोधलं तेव्हा मला असं काही सलग वाचायला मिळालं नव्हतं, तुकडे तुकडे मिळाले आणि त्यातले अर्धे एकमेकांच्या विरुद्ध.

आमचा टँक तीन फुटी आहे, ३६ × १८ × १८ इंच, १० एमएम काच, २०१८ मध्ये डोंबिवलीतच बनवून घेतलेला. आत एंजल आहेत, कोरींचा एक गट आहे, काही टेट्रा, आणि एक मोठा प्लेको ज्याला दुकानात सगळे सकर म्हणतात. खायला घालायचं काम सासूबाईंचं, आम्ही त्यांना आई म्हणतो, त्यांचा दिवसच टँकसमोर सुरू होतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग जुनी आहे, खाली पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात. हे सांगायचं कारण पुढे येईल.

फेब्रुवारीच्या शेवटी पाणी जरा जास्त कमी व्हायला लागलं. तेव्हा उन्हाळा लागत होता, पंखा दिवसभर चालू, वरून टँक उघडा, म्हणजे बाष्पीभवन असणारच. ते किती आणि गळती किती हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी बादलीची युक्ती फार चांगली आहे. २ मार्चला रविवारी सकाळी टँकशेजारी, त्याच पंख्याखाली, सरळ बाजूंची एक बादली त्याच टँकच्या पाण्याने भरून ठेवली आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर मास्किंग टेप चिकटवून पेनाने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघितलं तर बादलीत ५ मिलीमीटर कमी झालेलं आणि टँकमध्ये १३. आमच्या मापाच्या टँकला एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४ लिटर (९१ गुणिले ४५ सेंमी, करून बघा तुमच्या मापाचं), म्हणजे ८ मिलीमीटरचा फरक म्हणजे दिवसाला तीन लिटरच्या वर पाणी कुठेतरी जात होतं. फिल्टरमुळे टँकचं पाणी हलतं म्हणून तिथे बाष्पीभवन बादलीपेक्षा थोडं जास्त होतं हे धरायला पाहिजे, पण इतका फरक त्याने पडत नाही.

मग आली शोधाशोध, आणि माझं ठाम मत आहे की सगळा वेळ इथे घालवावा, सिलिकॉनवर नंतर. कारण टँक "गळतो" तेव्हा बऱ्याचदा काच गळतच नसते. कॅनिस्टर फिल्टरच्या (टँकबाहेर स्टँडमध्ये ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) पाईपचा जोड, त्याच्या झाकणातली रबरी रिंग, हवेचा पंप टँकपेक्षा खाली ठेवलेला असेल आणि नळीत चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी छोटी झडप) नसेल तर लाईट गेल्यावर नळीतून उलटं येणारं पाणी, वायरवरून ओघळत येणारा थेंब, बुडबुड्यांचे शिंतोडे, असं काहीही असू शकतं. सगळ्यात आधी मी स्टँडच्या आतलं सगळं बाहेर काढून पुसून कोरडं केलं, कॅनिस्टर एका मोठ्या परातीत ठेवला आणि परातीत वर्तमानपत्राचा कागद. वर्तमानपत्राला एक थेंब लागला तरी डाग दिसतो, फडक्यावर दिसत नाही. रात्रभर परात कोरडी. हवेची नळी काढून ठेवली, तरी पाणी जातच होतं. वायरी सगळ्या आधी खाली झोका घेऊन मग वर प्लगकडे जातील अशा केल्या, म्हणजे वायरवरून पाणी आलंच तर झोक्याच्या खालच्या टोकाला जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. हे गळती नसली तरी प्रत्येकाने आजच करावं, आणि टँकच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावं. हात पाण्यात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे हेही.

उरली काच. टँकखालचा थर्माकोल मागच्या डाव्या कोपऱ्यात ओला होता, प्लायवूडची कड फुगलेली, सनमायका उचललेला. पण पाणी दिसतं तिथे गळत असतं असं नाही हे इथे शिकायला मिळालं, ते काचेच्या कडेवरून ओघळत खाली येतं आणि थर्माकोलमध्ये पसरतं. म्हणून मी टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या उभ्या जोडावर बाहेरून वेगवेगळ्या उंचीवर टेपने चिकटवल्या, आधी काच पूर्ण कोरडी करून. दोन तासांनी बघितलं तर खालपासून साधारण २७ सेंटीमीटरवरची पट्टी ओली, तिच्या वरची कोरडी. आणि नीट टॉर्च मारल्यावर तिथेच पांढरट क्षाराची बारीक रेघ दिसली. पाणी हळूहळू झिरपून सुकत राहिलं की असा क्षार जमतो, त्यामुळे अशी रेघ तुमच्या टँकच्या बाहेरून कुठे दिसली तर पाणी दिसत नसलं तरी तिथे लक्ष ठेवा. आतून बघितलं तर त्या कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी काचेपासून सुटलेली होती आणि तिच्या मागे हिरवं शेवाळ गेलेलं.

जागा कळल्यावर एक गोष्ट केली जिचा सगळ्यात जास्त फायदा झाला. पाणी काढून पातळी २५ सेंटीमीटरवर आणली, म्हणजे गळतीच्या जागेच्या खाली. टँकचं पाणी बादलीपेक्षा जास्त कमी होणं तिथल्या तिथे थांबलं. त्याने दोन कामं झाली, एक म्हणजे गळती तिथेच आहे आणि खाली दुसरी नाही हे पक्कं झालं, आणि दुसरं म्हणजे आम्हाला वेळ मिळाला. काचेवर पाण्याचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. आमच्या टँकमध्ये ४२ सेंमी पाणी असताना समोरच्या मोठ्या काचेवर एकूण जोर ८० किलोच्या आसपास असतो, २५ सेंमीला तोच २८ वर येतो. मासे तेवढ्या पाण्यात चांगले राहिले, फक्त फिल्टरची आत घेणारी नळी पाण्याखाली राहील हे बघावं लागलं आणि पाणी थोडं जास्त वेळा बदलावं लागलं. ज्यांची गळती वरच्या अर्ध्या भागात आहे त्यांनी त्याच रात्री घाबरून मासे बादलीत काढायची गरज नाही.

आता सोसायटी. ८ मार्चला शनिवारी खालच्या काकू वर आल्या, त्यांच्या हॉलच्या छतावर ताटाएवढा ओलीचा डाग आला होता. त्या चिडलेल्या नव्हत्या, काळजीत होत्या, त्यांच्याकडे आदल्या वर्षीच रंग झाला होता. मी त्यांना टँक दाखवला, काय चाललंय ते सांगितलं, पातळी खाली आणल्याचं दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा रविवार म्हणजे कमिटीची मीटिंग असते, तिथे विषय निघाला आणि सोमवारी सेक्रेटरी काकांचं पत्र आलं, सात दिवसांत लेखी उत्तर द्या म्हणून. पत्रात तीन गोष्टी मागितल्या होत्या, गळतीचं कारण, दुरुस्ती कधी होणार, आणि एवढं वजन स्लॅबवर ठेवणं सुरक्षित आहे ह्याचा इंजिनिअरचा दाखला. सोसायटीच्या प्लंबरने येऊन बघितलं (५०० रुपये, पावती मागून घ्या), त्याचं म्हणणं पडलं की डाग बाथरूमच्या लाईनमुळे आहे, कारण बाथरूमची भिंत पलीकडेच आहे. इथे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, कामाला आला. स्टँडच्या मागून जे थेंब गळाले होते ते मी आधी एका झाकणात धरून ठेवले होते, त्याचा टीडीएस आणि टँकच्या पाण्याचा टीडीएस जवळपास सारखा, आणि नळाच्या पाण्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. टँकच्या पाण्यात खत, कचरा, क्षार साठत जातात म्हणून तो वाढलेला असतो. गार काचेवर हवेतल्या ओलाव्याने जमलेलं दव असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, त्यामुळे एसीच्या खोलीत टँक असेल तर हेही तपासता येतं. बाथरूम फोडायचं वाचलं.

इंजिनिअरचा दाखला हे मला नवीन होतं. आमच्या ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनी येऊन बघितलं, १,५०० रुपये घेतले आणि लेटरहेडवर लिहून दिलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. टँक, काच, पाणी, गोटे धरून आमचं वजन २४० किलोच्या आसपास, स्टँड वेगळा. राहत्या घरांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५) चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलो धरून डिझाईन करतात. टँकच्या पायाखाली तेवढ्याच जागेचा हिशोब केला तर आकडा त्याच्या वर जातो, पण हॉलमध्ये सगळीकडे तेवढं वजन नसतं, आणि आमचा टँक भिंतीला लागून बीमवर आहे म्हणून चालेल असं ते म्हणाले. चार-पाच फुटी टँक घ्यायचा असेल किंवा बिल्डिंगला तडे असतील तर आधी विचारा, असंही म्हणाले. आणि गॅलरीत कधीच नको. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बरेच जण दुरुस्तीनंतरची पाण्याची टेस्ट गॅलरीत करतात.

कमिटीतल्या एकांना हमीपत्र स्टँप पेपरवर हवं होतं, तो आता १०० चा चालत नाही, ५०० चाच लागतो. शेवटी साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी मानलं गेलं. त्यात लिहिलं होतं की दुरुस्ती होईपर्यंत पातळी खाली ठेवू आणि काकूंच्या छताचा खर्च आम्ही करू. प्रत्येक पत्राची प्रत आणि पोच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर बोललेलं धरत नाहीत. घराचा विमा आहे म्हणून त्यांनाही मेल केला होता, उत्तर आलं की हळूहळू झिरपलेलं पाणी बसत नाही आणि शेजाऱ्यांचं छत तर आमची मालमत्ताच नाही. फोनवर वेगळंच सांगितलं होतं, त्यामुळे लेखीच मागा.

दुरुस्ती करायची की नवीन टँक? नवीन तेवढाच टँक स्टँडशिवाय ७,५०० सांगितला. स्टेशनजवळ टँक बनवणारे एक दादा आहेत त्यांना फोटो पाठवले. ते म्हणाले, "ताई, आधी आतली पट्टी पूर्ण काढून नवीन मारून बघा, काचेच्या मधलं सिलिकॉन सुटलं असेल तर मग काच काढावी लागेल." हा फरक समजून घेणं गरजेचं आहे. टँकच्या जोडात दोन सिलिकॉन असतात. दोन काचांच्या मध्ये जे असतं ते टँकला धरून ठेवतं, आणि आतल्या कोपऱ्यात जी गोलसर पट्टी असते ती त्या मधल्या थराचं रक्षण करते. बाहेरून लावलेला कुठलाही लेप टिकत नाही कारण आतलं पाणी त्याला बाहेर ढकलत राहतं. एमसील सुचवणारे तर खूप भेटतात, पण ते घट्ट दगडासारखं होतं आणि काचेच्या जोडाला लवचिक काहीतरी लागतं.

१४ मार्चला धुळवड, सगळं बंद. त्याआधीच मी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन सामान आणलं होतं, मासे-प्राण्यांच्या दुकानांतून अमोनियाची टेस्ट किट आणि स्पंज फिल्टर, आणि तिथून चालत नागदेवी स्ट्रीटला जाऊन सिलिकॉन गन, ब्लेडचा स्क्रेपर. सिलिकॉन घेताना तीन गोष्टी बघितल्या. अ‍ॅसिटिक प्रकारचं, ज्याला सुकताना व्हिनेगरचा वास येतो. ट्यूबवर अँटीफंगल, सॅनिटरी, बाथरूमसाठी असं काही लिहिलेलं नको, कारण बुरशी मारायला त्यात जे घालतात ते माशांनाही मारू शकतं. आणि एक्स्पायरी, जुनी ट्यूब नीट सुकतच नाही. ३२० रुपये पडले.

१५ तारखेला शनिवारी मासे हलवले. दोन मोठे प्लास्टिकचे टब, टँकचंच पाणी, कॅनिस्टर सरळ मोठ्या टबला जोडला. फिल्टरचं मटेरियल एक तासही कोरडं पडू द्यायचं नाही आणि नळाखाली धुवायचं नाही, त्यातले बॅक्टेरिया मेले की अमोनिया वाढतो आणि मासे दुरुस्तीने नाही तर त्याने जातात. लाकूड आणि झाडं आधी काढली, मासे सगळ्यात शेवटी, पाणी घोट्याएवढं राहिल्यावर, कारण तोपर्यंत ते पकडताना फार घाबरतात. एंजलना जाळीने न धरता प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घेतलं, त्यांचे पर जाळीत अडकतात. गोट्यांखालचा गाळ वेगळ्या बादलीत. टबांवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. आई दर अर्ध्या तासाने येऊन बघत होत्या, प्लेको कुठे दिसत नाही म्हणून, तो फिल्टरच्या नळीला चिकटून बसलेला.

रिकामा टँकसुद्धा ४० किलोच्या वर जातो, चौघांनी धरून खालच्या पार्किंगमध्ये नेला, सेक्रेटरी काकांची परवानगी घेऊन. १६ ला पूर्ण दिवस आतली पट्टी खरवडण्यात गेला. फक्त बिघडलेल्या कोपऱ्यातली नाही, चारही उभ्या आणि खालच्या सगळ्या कडांची, कारण नवीन सिलिकॉन जुन्या सुकलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही, आणि जिथे नवीन-जुनं मिळतं तिथेच पुढची गळती होते. ब्लेड काचेवर सपाट धरायचं, दोन काचांच्या मधल्या फटीत घालायचं नाही. काच दिसायला स्वच्छ झाली तरी बोटाला चिकट लागते, ती फिल्म आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुसून काढली. तेव्हाच टॉर्चच्या उजेडात मागच्या डाव्या जोडाच्या आत एक चार सेंटीमीटरची चंदेरी चमक दिसली. चांगला जोड एकसारखा दिसतो, सिलिकॉन काचेपासून सुटलं की मध्ये हवा जाते आणि ते असं चमकतं. मन खट्टू झालं, पण दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी पट्टी मारून बघायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एका दमात सिलिकॉन, साबणाच्या पाण्यात न बुडवलेल्या कोरड्या ग्लोव्हच्या बोटाने एकदाच ओढायचं, आणि टेप लगेच, साय धरायच्या आत काढायची.

मग थांबणं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला दोन-तीन मिलीमीटर, हेअर ड्रायर मारून ते लवकर होत नाही. ट्यूबवर २४ तास लिहिलं असलं तरी आम्ही आठवडा दिला. ह्या काळात टबांचं पाणी एक दिवसाआड पाव भाग बदलत होते, क्लोरीन काढायचं औषध घालून, आणि रोज अमोनिया बघत होते. खायला अगदी कमी. तरी दोन टेट्रा गेले. लहान मासे आहेत म्हणून वाईट वाटू नये असं नसतं, आईंनी त्या दिवशी टबाजवळ बसून जेवण केलं नाही.

२३ मार्चला पार्किंगमध्ये खाली थर्माकोल घालून पाणी भरायला सुरुवात केली. पाव, मग थांबून अर्धं, मग दुसऱ्या दिवशी पूर्ण. बाहेरून सगळ्या जोडांवर टिश्यूच्या पट्ट्या. अर्ध्यापर्यंत कोरडं, पूर्ण भरल्यावर त्याच जागी पट्टी ओली. थेंब नाही, नुसती ओल, पण ओल म्हणजे गळतीच. टेस्ट टप्प्याने आणि बाहेर करायचा हाच फायदा, घरात भरून मासे सोडले असते तर काय झालं असतं.

दादांकडे लगेच वेळ नव्हता, ३० ला पाडवा, त्यांचे कारागीर गावी गेलेले. १ एप्रिलला टेम्पोने टँक त्यांच्याकडे (६०० रुपये). त्यांनी डावीकडची छोटी काच काढली, बारीक स्टीलची तार दोन काचांच्या मधून आरीसारखी ओढत ओढत. मला बघताना भीती वाटत होती पण काच अख्खी निघाली. दोन्ही कडा ब्लेडने साफ, अल्कोहोल, नवीन सिलिकॉन, काच परत बसवून दोन दिवस पट्ट्यांनी बांधून ठेवली, आणि आतली पट्टी त्या बाजूने परत नवीन. सिलिकॉनसकट २,२०० घेतले. मी घाई केली नाही, त्यांनीच सांगितलं की मधल्या थराला जास्त दिवस लागतात कारण हवा फक्त कडेनेच मिळते. १० एप्रिलला त्यांच्या दुकानात भरला, दोन रात्री भरलेला ठेवला, सगळ्या पट्ट्या कोरड्या.

मुळात जोड का सुटला? दादांनी विचारलं स्टँड लेव्हलमध्ये आहे का. स्पिरिट लेव्हल लावून बघितलं तर मागची डावी बाजू चार मिलीमीटर खाली. तिथली लादी बसलेली आहे आणि त्यात प्लायवूड ओलं होऊन आणखी दबलं. टँक असा वाकडा किंवा पिळलेला बसला की एका जोडावर सतत ताण राहतो. पाणी भरलेला असताना पातळी चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून मोजली तरी हे कळतं, लेव्हलसुद्धा लागत नाही. स्टँडचं वरचं प्लायवूड बदलून घेतलं, मरीन ग्रेडचं, कडांना रंग मारून (४,५०० मजुरीसकट). पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली, काच आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही. काचेखाली नवीन १२ एमएम थर्माकोल, एकसंध तुकडा. ज्या टँकला खाली प्लास्टिकची फ्रेम असते त्याला थर्माकोल लागत नाही, तो फ्रेमवरच बसू द्यायचा.

१२ एप्रिलला शनिवारी टँक वर आणला, १३ ला सकाळच्या पाण्याच्या वेळेत भरला, संध्याकाळी फिल्टर आणि रात्री मासे, दिवे बंद ठेवून. प्लेको पहिला आपल्या जुन्या लाकडाखाली गेला.

आता काय वेगळं करतो. कॅनिस्टर कायम परातीतच असतो. हवेच्या नळीला चेक व्हॉल्व्ह लावलाय. स्टँडमध्ये मागच्या कोपऱ्यात सेलवर चालणारा पाण्याचा अलार्म ठेवलाय, ४५० रुपयांचा, पाणी लागलं की जोरात वाजतो, ओल्या बोटाने महिन्यातून एकदा वाजवून बघते. शेवाळ काढायला कोपऱ्यात धातूचं ब्लेड वापरत नाही, जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरते. पाणी भरताना नळी लावून बाजूला जात नाही, बादलीनेच भरते. आणि पातळीची रेघ टेपवर कायम ठेवलीय, आता तीवर आईंचं लक्ष असतं, त्या रोज सांगतात आज किती खाली आहे.

खर्च मोजला तर सगळं धरून सोळा हजारांच्या आसपास गेले. त्यातले टँकच्या दुरुस्तीचे साडेतीन हजारांच्या थोडे वर, बाकी स्टँड, टब, किट, प्लंबर, इंजिनिअर आणि काकूंचं छत, जे नवीन टँक घेतला असता तरी लागलेच असते. छताला लगेच रंग मारू नका. रंगारी लगेच तयार होता, पण ओल आत असताना मारला तर फुगून पडतो. आम्ही डाग पूर्ण सुकायची वाट बघितली, मे महिन्यात खरवडून पुट्टी आणि रंग झाला, ३,८०० रुपये, आणि काकूंच्या सहीचं काम पूर्ण झाल्याचं पत्र सोसायटीत जमा केलं, पोच घेऊन.